लाल डोक्याच्या दीडशे डझन माश्या

बँकेत फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी मी नेहमी अडायचे. एकदा काउंटरवरच्या मुलीला खरं ते सांगितलं, "माश्या बांधते." तिने पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या मनानेच 'गृहिणी' लिहून टाकलं. आमचे हे रेल्वेत होते. मित्रमंडळीत कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" की हे गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "माश्या मारायचा पगार घेते." अठ्ठावीस वर्षं हा एकच विनोद मी ऐकला. यंदा काम सोडलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता यांना नवीन काहीतरी शोधावं लागणार.

तर माश्या बांधणं म्हणजे काय, ते आधी सांगते. परदेशात थंड, वाहत्या पाण्यात ट्राउट नावाचा मासा असतो. पाण्यावर बसणारे किडे हे त्याचं खाणं. त्याला पकडायचा नाद असलेली माणसं गळाला गांडूळ लावत नाहीत. तसं करणं त्यांना हलकं वाटतं. ती गळावरच पिसं, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून खोटा किडा तयार करतात. त्याला ते माशी म्हणतात, म्हणून आम्हीही माशी म्हणतो. ही माशी इतकी हलकी की नुसती फेकली तर हातभरही जायची नाही. म्हणून त्यांची दोरीच जड असते. दोरी झोकून द्यायची, माशी तिच्यामागून जाते आणि पाण्यावर अलगद बसते. एवढा खटाटोप करून मासा लागला की बरेच जण त्याला परत सोडून देतात. हे जेव्हा आमच्या मालकांना, हर्षदभाईंना, कळलं तेव्हा त्यांच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. ते कांदा-लसूणसुद्धा न खाणारे वैष्णव. धंदा हा असा कसा गळ्यात पडला, ते त्यांनी आम्हाला कधी नीट सांगितलं नाही.

बडोद्यात पाणीगेटला एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब खोली, नऊ बायका, प्रत्येकीसमोर टेबलाला घट्ट बसवलेला छोटा शिकंजा. शिकंज्यात गळ पकडायचा. मग शेपूट, अंग, पंख, मानेभोवती कोंबड्याच्या पिसाचे दोन-तीन वेढे, आणि शेवटी दोऱ्याचं डोकं करून गाठ मारायची. डोक्यावर सुईच्या टोकाने वार्निशचा थेंब. गळाचं भोक वार्निशने बुजलं की ती माशी गेली कचऱ्यात, कारण गिऱ्हाईक नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं असतं आणि त्याला दोरी ओवता येत नाही. पिसं बाहेरून यायची, कोंबड्याच्या मानेच्या अख्ख्या कातडीसकट. खालच्या मजल्यावर जैन कुटुंब होतं. त्यांना वास येऊ नये म्हणून हर्षदभाई कपाटात डांबराच्या गोळ्या इतक्या टाकायचे की माझ्या साड्यांना अजून तोच वास येतो. मोरपीस मात्र आमच्याकडे औषधालाही नसायचं. आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत मोर पाण्याच्या टाकीवर येऊन बसतात, पण त्याचं पीस देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. कोणी नवी मुलगी हौसेने घरून मोरपीस घेऊन आली की हर्षदभाई तिला जिन्यातूनच परत पाठवायचे.

गिऱ्हाइकं बहुतेक टपालातूनच भेटायची. एकाने एकदा खरा मेलेला किडा छोट्या नळीत घालून पाठवला आणि लिहिलं, अगदी असाच बनवा. तो वाटेत चेपून एका बाजूला पाच पायांचा झाला होता. समोर येऊन उभं राहिलेलं गिऱ्हाईक म्हणजे आमच्याच सोसायटीतले एक बंगाली काका. त्यांना कुठून तरी सुगावा लागला. नमुना म्हणून चार माश्या हट्टाने घेऊन गेले आणि तळ्यावर बसून पाच तासांनी परत आले. म्हणाले, "बौदी," म्हणजे वहिनी, "तुमच्या माशीवर डास येऊन बसले, मासा आला नाही."

मी लागले तेव्हा चौथ्याच महिन्यात मोठी चूक केली. एका साहेबांचं थंड प्रदेशातल्या नदीकाठी दुकान होतं. त्यांना आम्ही ग्रेगरीसाहेब म्हणायचो. त्यांनी पाठवलेला नमुना मला गबाळा वाटला. पंख विसकटलेले, अंगाची लोकर बाहेर आलेली. आमच्या घरात रांगोळीची ओळसुद्धा वाकडी चालत नसे. मी पंख जुळवून, लोकर दाबून, माशी कशी नवरीसारखी केली. सगळा माल परत आला. सोबत एक ओळ होती: 'माशाला विसकटलेलीच माशी आवडते.' त्या दिवशी मी कानाला खडा लावला. पुढे शिकवणारी झाले तेव्हा प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगायचे: आपलं डोकं चालवायचं नाही, नमुन्यात आहे तसं करायचं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की मुली माझी नक्कल करायच्या.

दहा-बारा वर्षांनी मी तपासनीस झाले. खिडकीजवळची खुर्ची, समोर भिंग आणि दिवा. प्रत्येक माशी माझ्या हाताखालून जायची. पिसाचे वेढे मोजायचे, गाठ ओढून बघायची, भोकातून दोरा घालून बघायचा. तपासलेला ट्रे शेजारी कोकिलाबेनकडे सरकवायचा. ती डबीत भरून लेबलं लावायची. प्रत्येक मालातली एक माशी पुठ्ठ्याच्या कार्डावर टोचून, कोपऱ्यात मी 'सु' अशी सही करून, एका पेटीत ठेवायची. उद्या तक्रार आली तर पुरावा असावा म्हणून. त्या पेटीला आम्ही साक्षीपेटी म्हणायचो. कोकिलाबेन आणि मी एकाच वर्षी लागलो होतो. ती पाणीगेटचीच. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. आम्ही वीस-बावीस वर्षं एका डब्यातून जेवलो.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अजूनही थोडी लाज वाटते.

चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू धरला. पहिल्यांदा रस्त्यावर समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले. मी स्कूटर चालवणं सोडलं आणि रिक्षाने यायला लागले. कोकिलाबेनने विचारलं तेव्हा सांगितलं, "गुडघा दुखतो गं." घरीही तेच सांगितलं. आज मोतीबिंदूचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. शेजारपाजारची माणसं सकाळी जाऊन दुपारी वरण-भाताला घरी येतात. पण माझ्या आईचं ऑपरेशन मी लहानपणी बघितलं होतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला निजवलं होतं. जखम चिघळली आणि तो डोळा गेला. मला डॉक्टरचं नाव काढलं की ती पिशवी दिसायची. आणि दुसरं खरं कारण असं की डोळे गेले तर ती खिडकीजवळची खुर्ची गेली. त्या खुर्चीत मी कुणीतरी होते. बाहेर मी 'गृहिणी' होते.

मग मी डोळ्यांचं काम बोटांवर ढकललं. वेढे बोटाला कळायचे, गाठ कळायची, भोकात दोरा घालायची सवय इतकी की डोळे मिटून जमायचं. रंगांचं काय, ते मुली नमुना बघून करतातच, असं मी स्वतःला समजावलं. एक मात्र झालं होतं. कोकिलाबेनला डब्या भरायला हल्ली फार वेळ लागायचा. मी ट्रे सरकवून मोकळी व्हायचे आणि ती आपली एकेक माशी उचलून बघत बसायची. दोन-तीनदा मी तिला सगळ्यांसमोर टोचलंही, "काय कोकिलाबेन, वय झालं का?" ती पुढची माशी उचलायची.

अशातच दसरा आला. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तशी कारखान्यातली पूजा पहिल्यापासून माझ्याकडे. शिकंजे, कात्र्या, दोऱ्याच्या फिरक्या, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू, फूल, मग हर्षदभाईंनी आणलेले फाफडा-जिलेबी. त्या वर्षी ग्रेगरीसाहेबांची मोठी ऑर्डर दसऱ्यानंतर लगेच सुरू व्हायची होती, म्हणून त्यांच्या नव्या माशीचा नमुनाही मी पूजेत ठेवला. तपकिरी अंग, करडी मान, काळं डोकं. तांदळाच्या दाण्याएवढी माशी. सगळ्यांना कुंकू लावलं तसं बुचावर टोचलेल्या नमुन्यालाही लावलं, म्हणजे बुचाला लावलं असं मला वाटलं.

कोकिलाबेन त्या पंधरवड्यात नव्हती. तिच्या मुलीचं बाळंतपण होतं, म्हणून ती नडियादला गेली होती.

दसऱ्यानंतर नमुना मधल्या टेबलावर ठेवला आणि मुली कामाला लागल्या. मला अंधूक आठवतं, हेतल नावाची एक नवी मुलगी माझ्या खुर्चीपाशी येऊन म्हणाली होती, "ताई, आ वखते माथुं लाल राखवानुं?" या वेळी डोकं लाल ठेवायचं का, असं ती विचारत होती. मी भिंगातून मान वर न करता खेकसले, "नमूनो जो ने! नमूनामां जे छे ए ज." ती जागेवर जाऊन बसली. बाकीच्या हसल्या असणार, कारण मी माझंच ठरलेलं वाक्य म्हटलं होतं.

दीडशे डझन माश्या झाल्या. मी एकूण एक तपासल्या, सही केली आणि पार्सल गेलं.

तिसऱ्या दिवशी कोकिलाबेन पेढे घेऊन आली. नातू झाला होता. सगळ्यांना पेढे वाटून ती आपल्या जागेवर बसली आणि सवयीने साक्षीपेटीतलं वरचं कार्ड काढून बघितलं. मग उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सुधाबेन, आनुं माथुं लाल केम छे?" याचं डोकं लाल का?

मी म्हटलं, "लाल? लाल क्यां छे?"

कार्ड घेऊन मी खिडकीशी गेले. ऊन होतं. मी भिंग लावून बघितलं. मला काळंच दिसत होतं. मी वळले तर कोकिलाबेन माशीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.  तिने माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, दंडाला धरून मला जिन्यात नेलं आणि दार ओढून घेतलं. मी पायरीवर बसून रडले. ती शेजारी बसून राहिली. एवढंच म्हणाली, "पेलां हर्षदभाईने कहीए." आधी मालकांना सांगू.

हर्षदभाईंनी नमुना हातात घेऊन उजेडाला धरला. नखाने खरवडलं तेव्हा डोक्यावरचं वाळलेलं कुंकू सुटून बोटाला लागलं आणि खालून काळं डोकं निघालं. मुलींचा काडीचाही दोष नव्हता. मी शिकवलं तसंच त्यांनी केलं होतं. लाल दोरा शोधून हुबेहूब डोकं बांधलं होतं. मी हर्षदभाईंना डोळ्यांचं सगळं सांगितलं. खुर्ची सोडते, असंही सांगितलं. ग्रेगरीसाहेब तुटले तर निम्मं काम जाणार आणि नऊपैकी चार जणींना घरी बसावं लागणार, हे मला हिशेब न करताही कळत होतं. हर्षदभाई ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "थई गयुं ते थई गयुं. खुर्चीचं नंतर बघू. आधी साहेबांना खरं कळवू."

मेल त्यांनी लिहिला, पण मजकूर मी सांगितला. वर्षातून एक दिवस आम्ही हत्यारांची पूजा करतो. तुमच्या नमुन्याचीही केली. पूजेचं कुंकू त्याच्या डोक्याला लागलं आणि आम्ही ते तुमचंच समजलो. तपासणारी मी आहे आणि मला दिसत नव्हतं. शेवटचं वाक्य हर्षदभाई घालू नका म्हणत होते. मी घालायला लावलं.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी हेतलच्या पुढ्यात बसून नुसत्या शेपट्या कापून दिल्या आणि घरी यांना दोनदा मिठाऐवजी साखर वाढली. शेवटी हर्षदभाई फोन हातात घेऊन जिना चढत वर आले. दोन-दोन पायऱ्या एकदम घेत होते, त्यावरूनच मला थोडं कळलं. साहेबांनी लिहिलं होतं की थंडी सुरू झाली, नदीवरची मासेमारी बंद झाली. आता वसंत येईपर्यंत त्यांना आणि त्यांच्या बायकोला दुसरा उद्योग नाही. रोज संध्याकाळी शेगडीपाशी बसून एकेका डोक्याला काळं वार्निश लावतील. माल परत पाठवायचा नाही, पुढची ऑर्डर नेहमीसारखी. पुढच्या वर्षी नमुन्याला लांबूनच नमस्कार करा, असंही होतं. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. मला हुंदका आला तो आनंदाचा, इतका की लाज वाटली नाही.

पण खाली आणखी एक ओळ होती. 'तपासणाऱ्या बाईंना सांगा, त्यांचे डोळे बरे होवोत. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या हातून माझ्याकडे एकही खराब माशी आली नाही.'

ही ओळ माझ्या जिवाला लागली. गेल्या दोन वर्षांत मला काय दिसत होतं, ते मला माहीत होतं. बोटांना रंग कळत नाही. मग एकही खराब माशी गेली नाही, हे कसं? साहेब सभ्यपणा करत होते, की त्यांचेही डोळे गेले होते?

ऑपरेशन मी पुढच्याच महिन्यात केलं. हे सोबत आले होते. आत जाताना मी यांचा हात इतका घट्ट धरला की नखं उमटली. वाळूच्या पिशव्या नव्हत्या. चहा थंड होईल एवढ्या वेळात बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोरची भिंत इतकी पांढरी दिसली की मी नर्सला विचारलं, रात्रीतून रंग दिला का. घरी आल्यावर मात्र जळमटं दिसली, फरशीचे डाग दिसले, आणि गेली दोन वर्षं जी साडी मी बदामी म्हणून नेसत होते ती गुलाबी निघाली. हे म्हणाले, "मला वाटलं तुला हौस आली." दुसरा डोळा महिन्याभराने झाला. आई गेली त्या वयाची मी तेव्हा होते. तिला ही भिंत दिसायला हवी होती, असं फार वाटलं.

कामावर गेले ती स्कूटर चालवत गेले. कुणाशी बोलण्याआधी साक्षीपेटी खाली घेतली आणि दोन वर्षांची कार्डं खिडकीत मांडली. एकेक माशी भिंगाखाली धरली. अंग, मान, डोकं. सगळं बरोबर. एकही रंग चुकलेला नाही. साहेब खरं बोलत होते. मी कार्डं परत रचायला लागले तेव्हा मला माझी सही दिसली आणि सहीच्या शेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका दिसला. पुढच्या कार्डावरही होता. त्याच्या पुढच्यावरही. इतका बारीक की मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसणं शक्य नव्हतं. मी मागे मागे जात राहिले. पहिला ठिपका ज्या कार्डावर होता, त्यावर तारीख होती ती मी रिक्षाने यायला लागले त्या महिन्याची. त्याआधी ठिपका नव्हता. आणि दसऱ्याच्या लाल डोक्याच्या कार्डावर नव्हता.

डब्या भरायला तिला एवढा वेळ का लागायचा, ते मला आता कळलं. मी तिला सगळ्यांसमोर काय म्हटलं होतं, तेही आठवलं.

कार्डं घेऊन मी कोकिलाबेनच्या पुढ्यात ठेवली आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. ती लेबल लावत होती. तिने बघितलं, न बघितल्यासारखं केलं.

"खराब निघायच्या?" मी विचारलं.

"बे-चार नीकळती. ए हुं पोते फरी बांधी नाखती."

दोन-चार निघायच्या, त्या ती स्वतः परत बांधायची. रोज. दोन वर्षं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तमे न कहो, तो हुं केवी रीते कहुं?" तुम्ही सांगत नव्हता, तर मी कसं सांगू.

 आभार मानले असते तर तिने डबी बंद करून उठून जायला कमी केलं नसतं. मी तिथेच स्टुलावर बसले. त्यानंतर दोन वर्षं मी त्या खुर्चीत बसून काम केलं आणि यंदा ती खुर्ची तिला दिली. ती बसली तेव्हा मी पेढे वाटले. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी मी तिच्या हातांकडे बघत बसले होते. शेवटी तिने लेबल चिकटवलं, अंगठ्याने दाबलं, आणि माझ्याकडे न बघता, अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं,

"हवे घूंटण केम छे?"

"गुडघा?" मी म्हटलं. "बरा आहे. अगदी बरा आहे."

तेव्हा कुठे ती हसली.